तजेऊच्या मागं लागलेलं वासरू

त्या दिवशी सकाळी आभाळ दूध साठवायचा वाळका भोपळा घासून पालथा घालावा तसं लख्ख होतं. आदल्या संध्याकाळी पाऊस येऊन गेला होता, तोही आमच्याकडच्या पावसाच्या सवयीनं, म्हणजे डोंगराची एक बाजू भिजवून आणि दुसरीला नुसती आशा लावून. वारा गार होता. खाली माळावर बोटभर हिरवं गवत उगवलं होतं आणि त्या गवतावर नजर पोचेल तिथवर वाइल्डबीस्टच्या, त्या दाढीवाल्या रानगुरांच्या, माद्या व्यायला लागल्या होत्या. आमच्याकडे त्यांना न्युंबू म्हणतात. त्यांचं डुरकणं वर डोंगरावर आमच्या वस्तीपर्यंत ऐकू येत होतं.

अशा छान दिवशी तजेऊला फक्त साखर आणायची होती. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं सगळं ऐकून कुणाला वाटायचं की हा गृहस्थ सिंहाच्या मागावर निघाला होता.

साखर हवी होती ती सानिंगोसाठी. तजेऊची मुलगी नामेलोक, तिला सानिंगोच्या मुलासाठी मागणी आली होती. बोलणं जवळजवळ ठरलेलं होतं. दुपारी सानिंगो आपल्या भावांना घेऊन येणार, मधाची दारू घेऊन येणार, आणि मुलीच्या बापानं पहिला घोट घेऊन तो आशीर्वाद म्हणून मुलीच्या डोक्यावर फुंकला की ठरलं. बापानं घोट घेतल्याशिवाय बाकीच्यांनी त्या दारूकडं बघायचंसुद्धा नाही. तेवढं सोपं काम होतं. पण सानिंगोला दारूच्या आधी चहा लागतो, आणि चहात साखर कमी पडली तर तो ते मनाला लावून घेतो. डोंगराच्या या अंगाला हे सगळ्यांना ठाऊक आहे.

"अहो, कड्याच्या वाटेनं जा आणि कड्याच्या वाटेनंच या," तजेऊची बायको नाईरोशी म्हणाली.

"बरं."

"बरं नको. म्हणून दाखवा."

"कड्याच्या वाटेनं जातो, कड्याच्या वाटेनं येतो."

"आणि माळावर?"

"माळावर पाय ठेवत नाही."

"आणि तपकीर ओढत वाटेत बसायचं नाही. पोरीचा दिवस आहे."

माळावर पाय का ठेवायचा नाही, हे आमच्याकडे रांगतं पोरही सांगेल. न्युंबूच्या नव्या वासरांच्या नाकाडोळ्यांतून जे पाणी गळतं, ते आपल्या गाईंना बाधतं. आधी गाईचे डोळे गढूळ होतात, मग तिला दिसेनासं होतं, मग ती गाय आपली राहत नाही. म्हणून न्युंबू व्यायला लागायच्या आधीच आम्ही गुरं घेऊन डोंगरावर चढतो आणि वासरं मोठी होईस्तोवर तिथंच बसतो. माळ त्यांचा, डोंगर आपला.

तजेऊ दुकानात गेला तो अगदी शहाण्या माणसासारखा कड्याच्या वाटेनं गेला. साखर घेतली. परत निघाला तोवर ऊन चढलं होतं. कड्याची वाट वर जाते, मग खाली येते, मग काही कारण नसताना पुन्हा वर जाते. माळावरची वाट सरळ. शिवाय माळ रिकामा दिसत होता. (माळ कधीच रिकामा नसतो. पण गुडघे बोलायला लागले की तसा दिसतो.)

"कडेकडेनं जाऊ," तजेऊ स्वतःशी म्हणाला. "नाईरोशीला कशाला कळतंय."

हा एवढाच निर्णय. त्यानं कुणाचं वाकडं केलं नव्हतं.

तो अर्ध्या वाटेवर असताना उजवीकडून धूळ उठली. जनावरं बघायला आलेल्या पर्यटकांची एक गाडी कुठल्या तरी तरसामागं भरधाव धावत होती. तिला बुजून न्युंबूंचा एक कळप तजेऊच्या समोरून दडदड करत निघून गेला. धूळ खाली बसली. कळप गेला होता, तरस गेलं होतं, आणि जिथं कळप होता तिथं एक वासरू उभं होतं. अंग अजून ओलं. चार पाय चार दिशांना. आईचा पत्ता नाही.

तजेऊ होता तिथं खिळून उभा राहिला. कारण हेही आमच्याकडे रांगतं पोर सांगेल. नुकतं जन्मलेलं न्युंबू समोर जे हलेल त्याला आई समजतं. आई हलली तर आईच्या मागं, तरस हललं तर तरसाच्या मागं. ज्याला मागं वासरू नको असेल त्यानं हलू नये.

आणि न हलण्यात तजेऊचा हात धरणारा माणूस आमच्या डोंगरावर नाही. पंचायतीत तो दिवसभर मांडी न मोडता बसतो. तो उभा राहिला. वासरू उभं राहिलं. माशी आली, नाकावर बसली, कंटाळून गेली. तजेऊ हलला नाही. वासरू जरा दुसरीकडं बघायला लागलं. आता सुटलोच, असं तजेऊला वाटलं, आणि त्याच वेळी त्याला समजलं की आपण मुंग्यांच्या वारुळावर उभे आहोत.

त्यानं सोसलं. पोटरीपर्यंत सोसलं, गुडघ्यापर्यंत सोसलं. पुढं मात्र मुंग्या अशा ठिकाणी पोचल्या की धीर धरणं माणसाच्या हातात राहत नाही. तजेऊनं पाय झटकला.

झालं. वासरानं मान वळवली, त्याच्या लाल पांघरुणाकडं पाहिलं, आणि जन्मभराची ओळख असल्यासारखं तुरुतुरु येऊन त्याच्या मांडीला नाक घासलं.

"ए! हट्!" तजेऊ म्हणाला.

वासरू खूश झालं. आई बोलते!

तजेऊ चालायला लागला, वासरू चालायला लागलं. तजेऊ पळाला. (पळाला म्हणजे त्याच्या वयात जेवढं पळता येतं तेवढं.) न्युंबूचं पोर जन्मल्यावर थोड्याच वेळात तरसाला मागं टाकतं, ते तजेऊला काय सोडणार? ते त्याच्या पुढं गेलं, वळून थांबलं आणि दमलास का, अशा नजरेनं बघायला लागलं. तो एका बाभळीमागं लपला. वासरूही लपलं, त्याच्या शेजारीच. दोघं मिळून बाभळीमागून डोकावत राहिले.

तेवढ्यात ती मघाची गाडी फिरून आली. छतातून डोकी वर आली आणि कॅमेरे टकटक करायला लागले. गाडी चालवत होता एलिफुराहा. अरुशाहून दरवर्षी येणारा माणूस, तजेऊच्या ओळखीचा.

"बाबा, अभिनंदन!" एलिफुराहा ओरडला. "मुलगा की मुलगी?"

"पोरा, थट्टा नको. तुझ्या गाडीनं याची आई पळवली. घेऊन जा याला."

"मी कसा नेऊ? जनावराला हात लावला तर माझी नोकरी जाईल."

"मग निदान तू तरी जा."

"तेही जमत नाही. हे लोक म्हणतात, सिंह पुष्कळ पाहिले, असलं काही पाहिलं नाही. या वासराचं पुढं काय होतं ते बघितल्याशिवाय हलणार नाहीत."

तजेऊनं तपकिरीची डबी काढली, दोन्ही नाकपुड्या भरल्या आणि पुन्हा चालायला लागला. पुढं तजेऊ, त्याच्या मागं वासरू, वासराच्या मागं गाडी. आणि या गाडीवाल्यांची एक खोड असते. कुणाला काही दिसलं की तो रेडिओवरून सगळ्यांना कळवतो. बिबट्या दिसला, कळवा. चित्ता दिसला, कळवा. एलिफुराहानंही कळवलं. डोंगराच्या पायथ्याशी पोचेपर्यंत त्या गाडीमागं दुसरी गाडी लागली, तिच्यामागं आणखी, आणि शेवटच्या गाडीतले लोक तर आपण काय बघायला चाललोय हे न समजताच येत होते.

वासरू मात्र कुठल्याच गाडीकडं बघत नव्हतं. त्याला पांघरुणाचा कोपरा सापडला होता आणि ते तो चोखत चाललं होतं.

"त्यात काही नाही रे," तजेऊ त्याला समजावत होता. "अरे, माझ्याकडं साखर आहे फक्त, आणि तीही तुझी नाही."

वस्तीच्या अलीकडं एक ओढा आहे. ओढ्यापलीकडं काट्यांचं कुंपण आणि कुंपणाजवळ आमच्या सगळ्यांच्या गाई. तजेऊ अलीकडच्या काठावर थांबला. त्याला पलीकडं सानिंगो दिसला, झाडाखाली आपल्या भावांसह बसलेला, पुढ्यात मधाच्या दारूचा मोठा भोपळा. पहिला घोट घेणारा माणूस ओढ्याच्या या बाजूला उभा होता. सावली लांब व्हायला लागली होती आणि सानिंगोचा चेहराही.

"नाईरोशी!" तजेऊनं हाक मारली.

"आलात? साखर आणलीत?" पलीकडून आवाज आला. नाईरोशी चुलीपाशी होती, तिला अजून ओढा दिसत नव्हता.

"आणली! पण मला येता येत नाही!"

"का?"

"सोबत कुणीतरी आहे!"

"मग त्यांनाही घेऊन या की! बाहेर उभं करतात का कुणाला?"

"आणता येत नाही! बाळ आहे!"

 सानिंगोनं भावाकडं पाहिलं. भावानं भोपळ्याकडं पाहिलं.

"कुणाचं बाळ?" नाईरोशीचा आवाज अगदी हळू आला. ती हळू बोलते तेव्हा आमच्या वस्तीतली कुत्रीसुद्धा उठून दुसरीकडं बसतात.

"मला काय माहीत! आज सकाळी जन्मलंय! मलाच चिकटलंय!"

"आणि त्याची आई?"

"पळून गेली!"

नाईरोशी पळी हातात घेऊन ओढ्याच्या काठावर आली. तिच्या मागं सगळी वस्ती आली. कुणालाही काही समजावून सांगावं लागलं नाही. तजेऊ उभा होता, त्याच्या गुडघ्याला टेकून न्युंबूचं वासरू उभं होतं, नाकातून धार लागलेली, आणि दोघांच्या मागं गाड्यांची रांग.

"माळावरनं आलात!" नाईरोशी किंचाळली. दुसरी बाई असती तर आधी बाळाबद्दल तरी काही बोलली असती.

"गुडघे..."

"गाई मागं घ्या! गाई मागं घ्या!" बाकीचे ओरडायला लागले. बायका काठ्या घेऊन गुरांकडं धावल्या. म्हाताऱ्यांनी ओढ्याच्या काठावर रांग धरली, शेजारच्या वस्तीनं हल्ला केल्यासारखी. एक दगड सूं करून आला आणि तजेऊच्या पायाजवळ पडला. तो नाईरोशीनंच मारला होता.

तजेऊचा शेजारी किमिरेई पुढं आला. किमिरेईनं तरुणपणी तजेऊला एक बैल दिला होता. तेव्हापासून दोघं एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत, पाकिटेंग म्हणतात. ज्यांच्यात गुरं दिली-घेतली जातात त्यांचं आमच्याकडे हेच नाव.

"पाकिटेंग," किमिरेई ओरडला, "भाला टाकू का इकडून? घालतोस का एक?"

तजेऊनं खाली बघितलं. वासरू पांघरूण चोखत होतं. मागं सगळ्या गाड्यांतून डोळे लागलेले.

"सकाळी जन्मलंय रे ते."

"मग हलू नकोस. उभा राहा. कंटाळून जाईल."

"उभा राहतो. पण मग घोट कोण घेणार?"

हे ऐकून सानिंगो उठला. मोठा माणूस, आवाज जाड.

"तजेऊ!" तो म्हणाला. "मी सकाळी घरून निघालो. चहा प्यायलो नाही, कारण साखर नाही. दारू प्यायलो नाही, कारण बाप नाही. तुम्ही तिकडं दुसऱ्याच्या पोराला सांभाळा, पण सूर्य त्या डोंगराला टेकला की मी माझा भोपळा उचलणार. पुढच्या वर्षी बघू."

कुंपणाच्या दारात नामेलोक उभी होती. नवे मणी घातलेली.  तिनं नुसतं बापाकडं पाहिलं आणि मान खाली घातली. तजेऊला दिवसभर जेवढं पळाल्यानं दमायला झालं नव्हतं तेवढं त्या एका नजरेनं झालं.

तो तसाच उभा होता. मुंग्या परत चढायला लागल्या होत्या की काय कोण जाणे.

"अहो!" नाईरोशी ओरडली. आता तिचा आवाज मोठा होता, म्हणजे राग जाऊन डोकं चालायला लागलं होतं. "न्युंबू माणसाला भितात. गाडीला भितात का?"

"नाही. सावकाश आली तर गाडीसमोरच चरतात."

"मग त्या गाडीत बसा की! गाडी हलेल, हे मागं जाईल, आणि गाडी कळपात न्या! ज्यांनी आई हरवली त्यांना म्हणावं, शोधून द्या!"

तजेऊ एलिफुराहाच्या गाडीकडं वळला. एलिफुराहानं आधी मान हलवली, नाही बाबा, नियमात बसत नाही. मग त्यानं गाडीतल्या लोकांना काहीतरी सांगितलं, आणि गाडीतून असा आनंदाचा गलका झाला की त्याला दार उघडावंच लागलं.

गाडीत मोठी टोपी घातलेली एक म्हातारी बाई होती. तिनं तजेऊला आपल्या शेजारी बसवलं. साखरेची पिशवी त्याच्या मांडीवर होती, ती तिच्या कॅमेऱ्याच्या आड यायला लागली तशी त्यानं पायाशी सरकवली. गाडी हळूहळू निघाली. वासरू भांबावलं, इकडं तिकडं बघितलं, मग गाडी ही हलणारी सर्वांत मोठी आई आहे असं ठरवून मागं धावायला लागलं.

"बाई विचारतात, याचं नाव काय," एलिफुराहा म्हणाला.

"कुणाचं?"

"वासराचं."

"सांग तिला, जा इथून."

एलिफुराहानं जसंच्या तसं, आमच्याच शब्दांत, सांगितलं. त्यानंतर वाटभर ती बाई खिडकीतून हात बाहेर काढून आमच्या बोलीत लाडानं हाका मारत होती, "जा इथून! जा इथून!" आणि तजेऊ डोळे मिटून बसला होता.

कळप सापडला. एलिफुराहानं गाडी त्यात इतकी सावकाश घातली की गवतसुद्धा दचकलं नाही. त्या कळपात एकच मादी चरत नव्हती. ती धावत येत होती, परत जात होती, थांबून डुरकत होती. वासराचे कान उभे राहिले. पहिल्यांदाच त्यानं कुणाच्या मागं न जाता, समोर कुणी आहे म्हणून धाव घेतली. मादीनं त्याला हुंगलं, एकदा, दोनदा, आणि ते तिच्या पोटाखाली घुसलं.

गाडीत बाई रडायला लागली. तजेऊ बघत राहिला. दिवसभर ज्याला हाकलत होता, ते गेलं आणि जाताना एकदाही मागं वळलं नाही. (त्याला वाटलं, एकदा तरी वळायला हरकत नव्हती. पण हे तो कुणाला बोलला नाही.)

"चल पोरा," तो एलिफुराहाला म्हणाला. "मला अजून एक पोर पाठवायचंय."

सूर्य डोंगराला टेकायला बोटभर बाकी असताना गाडी ओढ्याशी आली. तजेऊ उतरला आणि ओढा ओलांडायला लागला.

"तिथंच थांबा!" नाईरोशी म्हणाली. "ते पांघरूण."

पांघरुणाचा कोपरा अजून ओला होता, चोखलेला आणि नाकातल्या पाण्यानं भरलेला. असलं पांघरूण गाईंजवळ कोण येऊ देईल? तजेऊनं ते काढून अलीकडच्या काठावरच्या झुडपावर टाकलं. मग नाईरोशीनं त्याला ओढ्यात उभं करून राखेनं घासलं, भोपळा घासतात तसं. सगळे बघत होते. मग प्रश्न असा आला की मुलीचा बाप आता नेसणार काय? घरात पांघरूण होतं, पण सूर्य टेकत होता. गाडीतल्या बाईला ते समजलं असावं. तिनं उतरून आपला पावसाळी कोट त्याच्या अंगावर घातला. निळा, चकचकीत, आणि त्यावर जागोजागी पिवळी बदकं.

तजेऊ तसाच झाडाखाली जाऊन बसला. गाडी निघून गेली. सानिंगोनं त्याला आपादमस्तक पाहिलं.

"आपल्यात वयागणिक पोशाख बदलतो. हा कुठल्या वयाला मिळतो?"

"दिवसभर वासरू सांभाळल्यावर मिळतो," तजेऊ म्हणाला.

सानिंगोचे भाऊ आधी हसले. मग सानिंगोही हसला. तजेऊनं भोपळा उचलला, पहिला घोट घेतला आणि नामेलोकच्या डोक्यावरून मधाचा आशीर्वाद फुंकला. तिनं मान वर केली, बदकांकडं बघितलं आणि तोंडावर हात धरला. ठरलं. भोपळा फिरायला लागला. सूर्य डोंगराआड गेला तो दारू पिऊनच गेल्यासारखा लाल होता.

"आता चहा," सानिंगो म्हणाला. "चांगला गोड."

चूल पेटलेलीच होती. नाईरोशीनं तजेऊपुढं हात केला.

"साखर?"

तजेऊनं मांडीकडं बघितलं. शेजारी बघितलं. कोटाच्या दोन्ही खिशांत हात घातले. मग त्यानं हळूच खाली माळाकडं मान वळवली. तिथं, फार लांब, अरुशाच्या वाटेवर एका गाडीची धूळ उडत होती.

सानिंगोचा चेहरा पुन्हा लांब व्हायला लागला. तजेऊ उठायला गेला, तसा किमिरेईनं त्याच्या निळ्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"बस, पाकिटेंग. साखर मी आणतो, कड्याच्या वाटेनं. तू फक्त बसल्या जागेवरून हलू नकोस. तू हललास की तुझ्या मागं काहीतरी लागतं."